जुनी मोटार मोडीत काढताना : इंदूरमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांवेर रोडच्या औद्योगिक पट्ट्यात गेली चौदा वर्षे मी जुन्या मोटारी उघडण्याचे काम करतो. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर या भागांतल्या मराठी कुटुंबांचे दूरध्वनी सतत येतात आणि त्यांतले बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून ते येथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न थेट वाचला तरी चालेल. एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे क्रमांक दिला आहे.

१. मोटार मोडीत काढणे आणि भंगारात विकणे यांत फरक काय?

भंगारात विकताना गाडीचे वजन होते, पैसे हातात पडतात आणि व्यवहार संपला असे आपण समजतो. मोडीत काढणे म्हणजे गाडीची सरकारी नोंदणी कायमची रद्द करणे, तिच्यातले तेल, आम्ल आणि वायू सुरक्षितपणे काढून घेणे, वापरण्याजोगे भाग वेगळे करणे आणि उरलेला धातू भट्टीपर्यंत पोहोचवणे. यांत क्रमाला फार महत्त्व आहे. कागद आधी, द्रव त्यानंतर, सुटे भाग मग आणि पत्रा सर्वांत शेवटी. हा क्रम उलटला की त्रास होतो, तो कधी मालकाला होतो, कधी कारागिराला, तर कधी नदीला.

२. माझ्या गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. आता ती मोडीत काढावीच लागेल का?

नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून घेऊन ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये आहे आणि ऑगस्ट २०२५ मधल्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये झाले. गाडी तपासणीत उतरत असेल, तिचा खालचा सांगाडा गंजलेला नसेल आणि आपण ती खरोखर वापरत असाल, तर ठेवावी असेच मी सांगतो. नोंदणीची मुदत संपू देऊन गाडी वर्षानुवर्षे फाटकाशी उभी ठेवणे मात्र योग्य नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरणविषयक नियमांनुसार आयुष्य संपलेले वाहन १८० दिवसांच्या आत अधिकृत ठिकाणी जमा करायचे असते. केंद्र, राज्ये आणि सार्वजनिक उपक्रमांच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची गोष्ट वेगळी आहे; त्यांचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद आहे.

३. डिझेल गाडीला दहाच वर्षे मिळतात असे ऐकले. ते खरे आहे का?

तो निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या व सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी आला. इंदूर त्या क्षेत्रात येत नाही. येथील एमपी-०९ क्रमांकाच्या डिझेल मोटारीलाही प्रश्न २ मधलाच नियम लागू आहे.

४. लोहामंडीतला ओळखीचा भंगारवाला जास्त पैसे देतो. गाडी त्यालाच दिली तर काय बिघडते?

वाहने मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये नियम केले. अशी नोंदणी असलेले केंद्रच गाडी कायदेशीरपणे मोडू शकते आणि त्याची प्रमाणपत्रे देऊ शकते. ओळखीचा माणूस प्रामाणिक असू शकतो. तथापि त्याच्याकडून गाडी तिसऱ्याकडे, तिसऱ्याकडून चौथ्याकडे जाते आणि आरसीवर नाव आपलेच राहते. नोंदणीकृत मालक कागदावर बदललेला नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे.

आमच्या घरी हे घडले आहे. माझ्या काकांनी त्यांची जुनी मोटार रोख पैसे घेऊन एका व्यापाऱ्याला दिली, पावती घेतली नाही आणि नंबर प्लेटही गाडीवरच राहू दिल्या. तीन वर्षांनी त्याच क्रमांकाची पाटी लावलेली दुसरीच एक गाडी एका अपघातात सापडली आणि बोलावणे काकांना आले. गाडी कधी आणि कोणाला दिली हे सिद्ध करणारा एकही कागद घरात नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले. तेव्हापासून मी पैशांआधी कागदाविषयी बोलतो.

५. केंद्रात जाताना कोणती कागदपत्रे न्यावीत?

मूळ आरसी, मालकाचे ओळखपत्र व पॅन, आणि रक्कम खात्यात जमा व्हावी म्हणून रद्द केलेला धनादेश. मालक स्वतः येऊ शकत नसेल तर सहीचे अधिकारपत्र लागते. गाडी चोरीच्या यादीत आहे का आणि तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे केंद्र संगणकावरील नोंदींत तपासते. मालक हयात नसल्यास प्रश्न १७ पाहावा, कर्ज किंवा चलन बाकी असल्यास प्रश्न १९ आणि आरसी हरवली असल्यास प्रश्न २१.

६. दोन प्रमाणपत्रे मिळतात असे म्हणतात. त्यांचा उपयोग काय?

गाडी ताब्यात देताच मिळते ते जमा प्रमाणपत्र. नवी गाडी घेताना सवलती मिळतात त्या याच कागदावर. नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते, आणि केंद्र सरकारच्या नियमानुसार राज्य सरकार मोटार वाहन करात खासगी गाडीसाठी २५ टक्क्यांपर्यंत, तर व्यावसायिक गाडीसाठी १५ टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकते. हे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावे हस्तांतरितही करता येते. त्याला मुदत असते, म्हणून त्यावरील तारीख वाचून ठेवावी.

दुसरे प्रमाणपत्र गाडी प्रत्यक्ष मोडून झाल्यावर निघते. अनेक जण पहिले घेऊन निघून जातात आणि दुसऱ्याची चौकशीच करत नाहीत. ती चूक करू नये. दोन्ही जपून ठेवावीत आणि परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर आपली आरसी रद्द झाल्याची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

७. गाडीचे किती पैसे येतील?

सरकारी धोरणात नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के असा अंदाज दिलेला आहे. प्रत्यक्षात भाव ठरतो तो गाडीचे वजन, त्या दिवशीचा लोखंडाचा भाव आणि मौल्यवान भाग जागेवर आहेत की नाहीत यांवर. जुनी मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपास भरते. तिच्याकडून मोठ्या रकमेची अपेक्षा ठेवू नये. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीचा नसून मालकाचा असतो. विमा कंपनीकडून तसे पत्र घेतल्यास तो तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो आणि ५० टक्क्यांपर्यंतचा हा बोनस कधीकधी भंगाराच्या रकमेइतकाच मोलाचा ठरतो.

८. गाडी देण्यापूर्वी घरी काय काढून घ्यावे?

फास्टॅग बंद करून घ्यावा, म्युझिक सिस्टीममधले फोन क्रमांक पुसावेत आणि सीटखाली हात घालून पाहावा. सीटच्या रुळांत आम्हाला नाणी, केसांच्या पिना, शाळेची ओळखपत्रे आणि खजराण्याच्या गणपतीचे लाल धागे हमखास सापडतात. एकदा एका आजींचे मंगळसूत्राचे पदक सापडले, ते त्या सात वर्षे शोधत होत्या. बॅटरी, स्टेपनी किंवा सायलेन्सर मात्र परस्पर काढून विकू नये. भाव कमी होतो आणि गाडी अपूर्ण असल्याची नोंद होते.

९. केंद्रात गाडी आल्यावर सर्वांत आधी काय केले जाते?

सर्वांत आधी बॅटरीचे ऋण टर्मिनल सुटते. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर काही मिनिटे कोणीही डॅशबोर्डला हात लावत नाही, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठून राहते आणि ती उतरू द्यावी लागते. मग गाडी रॅम्पवर चढते आणि तिचे द्रव काढण्याचे काम सुरू होते.

या कामात घाई चालत नाही. ऑइल चेंबरचा बोल्ट पान्याने सैल केला की पहिली धार जाड, काळी आणि वेगाने येते; मिनिटभरात ती सुतासारखी बारीक होते आणि त्यानंतर थेंब. नवा मुलगा येथेच बोल्ट परत लावून मोकळा होतो. आम्ही बोल्ट उघडा ठेवून गाडी अर्धा तास तशीच सोडतो, कारण आतल्या भिंतींना चिकटलेले तेल त्या अर्ध्या तासात उतरते. छोट्या मोटारीतून साधारण तीन लिटर इंजिन ऑइल निघते. त्याखेरीज गिअरचे तेल, ब्रेकचे तेल, कूलंट, टाकीतले पेट्रोल आणि काचेवर फवारायचे पाणी असे प्रत्येक द्रव वेगळ्या डब्यात जाते. एकमेकांत मिसळलेले द्रव पुनर्वापरासाठी कोणी घेत नाही.

एसीचा वायू यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये भरावा लागतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत असणारा आर-१३४ए हा वायू वातावरण तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तीव्र आहे. त्याआधीच्या आर-१२ ने ओझोनच्या थराचीही हानी होते. नळी कापून वायू सोडून देणे दहा सेकंदांचे काम आहे, आणि तेच अनेक ठिकाणी चालते याचे मला फार वाईट वाटते.

१०. घराच्या अंगणात ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी खोलून घेतली तर?

तसे करू नये. कायद्याने ते मोडीत काढणे ठरत नाही, आरसी रद्द होत नाही आणि प्रश्न ६ मधली कोणतीही सवलत मिळत नाही. त्याहून मोठे कारण आपल्या पायाखाली आहे. अंगणात सांडलेले तेल पहिल्या पावसात नाल्यात जाते, नाला कान्ह नदीला मिळतो आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला. २०१७ पासून स्वच्छतेत देशात अग्रभागी असलेल्या, घरोघरी ओला व सुका कचरा न चुकता वेगळा करणाऱ्या या शहराने बॅटरीचे आम्ल गटारात ओतावे हे शोभत नाही. साध्या बॅटरीचे वजन दहा ते पंधरा किलो असते, त्यातले अर्ध्याहून अधिक शिसे असते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते आणि ती इजा भरून येत नाही. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्यावी किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावी.

११. कोणते भाग पुन्हा वापरता येतात आणि कोणते वापरू नयेत?

दरवाजे, बॉनेट, डिकीचे झाकण, हेडलाइट, आरसे, काचा, अल्टरनेटर, सेल्फ, रेडिएटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि चाकांच्या रिम हे भाग चांगल्या स्थितीत असल्यास निःशंकपणे घ्यावेत. उत्पादन बंद झालेल्या गाड्यांना तर याच भागांचा आधार आहे. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तिचा साधा दरवाजाचा हँडलही आता अनेकदा दुसऱ्या ८०० मधूनच मिळतो.

अल्टरनेटर घेताना पुली हाताने फिरवून पाहावी. बेअरिंग खरखरत असेल तर घेऊ नये. रेडिएटरच्या जाळीवर हिरवट पांढरा थर दिसला तर तेथे गळती आहे असे समजावे.

एअरबॅग, सीटबेल्ट आणि त्याचा ताण देणारा भाग, ब्रेक पॅड व ब्रेकच्या नळ्या पुन्हा बसवू नयेत. सीटबेल्ट एकदा धक्का सोसल्यावर आतून ताणलेला असतो आणि ते वरून दिसत नाही. टायर तळाने चांगला दिसला तरी त्याच्या बाजूवरील चार अंकी तारीख वाचावी. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे भाग ज्या गाडीतून निघाले ती अपघातग्रस्त होती का, हे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पैसे वाचवण्याची जागा दरवाजात आहे, ब्रेकमध्ये नाही.

१२. मोडलेल्या गाडीचे इंजिन माझ्या गाडीत बसवता येईल का?

त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे असेल तर बसते, पण इंजिनावर कोरलेला क्रमांक आपल्या आरसीवरही लिहिलेला असतो, म्हणून बदलाची नोंद आरटीओकडे करावीच लागते. इंजिन कोणत्या गाडीतून निघाले त्याची केंद्राची पावती जपावी. पावतीशिवाय मिळणारे स्वस्त इंजिन चोरीच्या गाडीचे असू शकते.

१३. सायलेन्सरमधल्या ‘जाळी’ला एवढा भाव का?

ती जाळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पोलादी कवचाच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची वीट असते आणि तिच्या छिद्रांना प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा अतिशय पातळ लेप असतो. हे धातू काही ग्रॅमच असतात, पण तेवढ्यासाठीही ती विकत घेतली जाते. नव्या पेट्रोल मोटारींना हा भाग एप्रिल १९९५ पासून आधी चार महानगरांत बंधनकारक झाला, म्हणून त्याआधीच्या गाडीत तो शोधू नये. सर्व्हिसिंगच्या वेळी कोणी ‘ही काढून टाका, गाडी जोरात पळेल’ असे सुचवले तर नकार द्यावा. मोल त्याला मिळते आणि धूर आपल्या वाट्याला येतो.

१४. गाडीला सीएनजी किट आहे. त्याचे काय करतात?

पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो. तो आधी सुरक्षितपणे रिकामा केल्याशिवाय गाडीजवळ गॅस कटर आणत नाहीत. सिलिंडरची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी व्हावी असा नियम आहे. चाचणीची पाटी केंद्राला दाखवावी. जुना सिलिंडर दुसऱ्या गाडीसाठी परस्पर विकणे हा जिवाशी खेळ आहे.

१५. वायरिंग जाळून तांबे काढतात, ते चालते का?

अजिबात नाही. वायरवरचे पीव्हीसी जळताना डायॉक्झिनसारखी घातक विषे हवेत जातात, शिवाय जळलेले तांबे काळवंडते आणि त्याला भावही कमी येतो. यंत्राने सोललेले तांबे लखलखीत निघते. संध्याकाळी एखाद्या वाड्यातून काळा, उग्र वासाचा धूर येताना दिसला तर नगर निगमला अवश्य कळवावे.

१६. शेवटी उरलेल्या गाडीचे काय होते?

उरलेला सांगाडा दाबून किंवा तुकडे करून भट्टीत जातो. मोटारीच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग लोखंड व पोलादाचा असतो. पोलाद भंगाराविषयीच्या २०१९ च्या राष्ट्रीय धोरणात म्हटल्याप्रमाणे एक टन भंगार वापरल्याने १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. इंजिनाचा बिडाचा ब्लॉक वेगळा काढतात. अॅल्युमिनिअम पुन्हा वितळवण्यास खनिजापासून ते तयार करण्याच्या तुलनेत सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. टायरचा चुरा रस्त्याच्या डांबरातही मिसळतात.

अडते ते सीटचा फोम, गालिचा आणि मिश्र प्लास्टिक यांपाशी. पुढच्या काचेतही दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असल्याने ती सहज वितळवता येत नाही. यातला काही भाग सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जातो. २०२५ च्या नियमांनी वाहन उत्पादकांवर जुन्या गाड्यांतले पोलाद परत मिळवण्याची जबाबदारी टाकली आहे. पहिल्या पाच वर्षांसाठी तिचे प्रमाण ८ टक्के आहे. मला ते कमी वाटते, पण सुरुवात झाली हे चांगले झाले.

१७. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत. काय करावे?

मालकाच्या निधनाची माहिती वारसाने ३० दिवसांत आरटीओला द्यावी आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा, असा नियम आहे. मुदत उलटून गेली असली तरी मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची लेखी संमती घेऊन आधी आरटीओत आणि मग केंद्रात जावे. भावंडांत बोलणे झाले नसेल तर ते आधी पूर्ण करावे. वडिलांच्या गाडीशी आठवणी जोडलेल्या असतात, आणि एकाने घाईने उचललेले पाऊल दुसऱ्याला लागते.

१८. अपघातात गाडीचा चुराडा झाला आणि विमा कंपनीने पूर्ण नुकसान मान्य केले. आता गाडी कोणाची?

दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर कंपनी पूर्ण नुकसान मानते आणि सांगाडा बहुधा भंगाराच्या खरेदीदाराकडे जातो. येथेच सर्वांत मोठा धोका आहे, कारण त्या सांगाड्याचे कागद चोरीच्या गाडीला चिकटवले जाऊ शकतात. कायमचे निकामी झालेले वाहन मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. दावा मंजूर झाला म्हणून हे आपोआप होत नाही.

१९. कर्ज फिटले, पण आरसीवर बँकेचे नाव तसेच आहे. चलनेही बाकी आहेत.

बँकेचे नाहरकत पत्र घेऊन आरटीओत बोजा उतरवून घ्यावा. तोवर केंद्र गाडी स्वीकारू शकत नाही. बँक विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या शाखेकडून पत्र मिळते. चलने आधी भरून टाकावीत.

२०. आजोबांची साठच्या दशकातली फियाट आहे. ती मोडवत नाही.

मग मोडू नये. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये असून ती नोंदणी दहा वर्षे टिकते. अशी गाडी प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, इंधन भरण्यासाठी वा दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. सांगाडा पूर्ण गंजला असेल तर निदान तिचे भाग दुसऱ्या फियाटच्या मालकाला मिळावेत, असे केंद्राला सांगून ठेवावे.

२१. आरसी हरवली आहे आणि चेसिस क्रमांक गंजामुळे वाचता येत नाही. अशी गाडी कोणी घेईल का?

आरसीची दुसरी प्रत पोलिसांत तक्रार नोंदवून आरटीओकडून काढता येते. चेसिस क्रमांकाचा प्रश्न नाजूक आहे. तो स्वतः खिळ्याने किंवा पंचने पुन्हा ठोकू नये. हेतू चांगला असला तरी ती फेरफार ठरते. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा क्रमांक इंजिनामागच्या पत्र्यावर असतो. आम्ही त्या जागेवर रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवतो, सकाळी मऊ ब्रशने हलक्या हाताने गंज काढतो आणि पांढरा खडू आडवा घासतो. खोलगट अंकांत खडू बसतो. वर कागद ठेवून पेन्सिल फिरवली की बहुतेक वेळा अंक उमटतात. तरीही दोन-तीन अंक गेलेलेच असतील तर इंजिन क्रमांक जुळवून आरटीओच्या निरीक्षकाकडून पाहणी करून घ्यावी लागते. गाडी आमच्या दारात उभी राहील, पण निरीक्षकाचा शेरा येईपर्यंत तिचा एक बोल्टही आम्ही सैल करत नाही.